ब्राउझर बदलायचाय, पण उतारा निघेल ना?

क्रोम सोडून खासगीपणा जपणारा ब्राउझर घ्यायचा म्हणतो, पण सरकारी कामं अडली तर? या अर्थाची पत्रं बरीच आली आहेत. सीमाभागात हा प्रश्न जरा जास्तच खरा आहे, कारण इथल्या घरात एक पोर्टल कन्नडमधलं आणि दुसरं मराठीतलं, अशी दोन्हीकडची कामं एकाच कॉम्प्युटरवर चालतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली.

फायरफॉक्स, ब्रेव्ह, डकडकगो, लिब्रवुल्फ, टॉर अशी नावं वाचून डोकं गरगरतं. मी निवृत्त शिक्षक आहे. बातम्या, बँक आणि नातवंडांशी बोलणं एवढाच वापर. एकच नाव सांगा. (शहापूर, बेळगाव)

फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एकच एक्स्टेन्शन टाका. नावात ‘ओरिजिन’ आहे ना ते पाहून घ्या. नुसतं ‘यूब्लॉक’ म्हणून मिळतं ते वेगळं.

फायरफॉक्सच का, तर एज, ऑपेरा, विवाल्डी, ब्रेव्ह हे सगळे क्रोमियम या गूगलच्याच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं आहे, गेको नावाचं. याचा परिणाम रोजच्या वापरात दिसतो. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही-३) आणि यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती क्रोममध्ये चालेनाशी झाली. तिथे आता ‘लाइट’वर भागवावं लागतं. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती आजही चालते, अँड्रॉइड फोनवरही. शिवाय २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज (तुमची ओळख साठवणाऱ्या बारीक फाइली) वेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे एका दुकानाच्या पानावरचा जाहिरातवाला दुसऱ्या पानावर तुम्हाला त्याच कुकीवरून ओळखू शकत नाही. क्रोमने तिऱ्हाइताच्या कुकीज बंद करण्याचं अनेकदा जाहीर केलं, पुढे ढकललं आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

बसवल्यावर तीन गोष्टी करा. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’ करा. त्याच पानावर खाली, फायरफॉक्स स्वतः गोळा करतो त्या माहितीच्या चौकटीतल्या खुणा काढा. ‘होम’मध्ये जाऊन प्रायोजित शॉर्टकट बंद करा. फायरफॉक्सही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याचं मूळ सर्च इंजिन गूगलच असतं आणि मोझिलाची बहुतेक कमाई त्याच करारातून येते. ते नको असेल तर ‘सर्च’मध्ये जाऊन डकडकगो निवडा. मराठी शोधासाठी मात्र गूगलचे निकाल अजून सरस वाटतात, तेव्हा हा निर्णय तुमच्यावर सोडतो.

सेटिंग्जना हातच लावायचा नसेल तर ब्रेव्ह. त्यात जाहिराती आणि ट्रॅकर पहिल्या दिवसापासून अडवलेले असतात. पण रिवॉर्ड्स, वॉलेट, लिओ असली चिन्हं पट्टीवर येतात, ती लपवावी लागतात. २०२० मध्ये काही क्रिप्टो संकेतस्थळांचे पत्ते टाइप करताना ब्रेव्ह स्वतःच्या कमिशनची लिंक मागे जोडत असल्याचं उघड झालं होतं; ओरड झाल्यावर ते काढलं. डकडकगोचा ब्राउझर फोनवर हलका आणि सोपा आहे, पण अँड्रॉइडवर तो फोनमधलंच, म्हणजे गूगलचंच, वेबव्ह्यू इंजिन वापरतो. लिब्रवुल्फ ही फायरफॉक्सचीच जास्त कडक आवृत्ती, तिच्याबद्दल खाली खानापूरच्या प्रश्नात सांगितलं आहे. टॉर तुमचा पत्ता लपवायला जोडणी इतर देशांतून फिरवतो, तो बँकेसाठी वापरू नका. तुमचं लॉगिन भलत्याच देशातून आल्यासारखं दिसतं आणि खातं गोठण्याची शक्यता असते.

कुठलाही घ्या, पण शोध निकालांच्या माथ्यावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या लिंकवरून उतरवू नका. २०२१ मध्ये ब्रेव्हच्या नावाचं एक हुबेहूब बनावट संकेतस्थळ गूगलच्या जाहिरातीतून वर आलं होतं. पत्त्यातल्या ‘brave’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक टिंब, एवढाच फरक होता, आणि डाउनलोडमधून मालवेअर येत होतं.

क्रोममध्ये दहा वर्षांचे पासवर्ड आणि बुकमार्क साठलेत. ते न हरवता कसे हलवायचे? कोणत्या क्रमाने करू? (निपाणी)

आधी हे तपासा की बँक, ईमेल आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना. नव्या ब्राउझरमध्ये प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो. बंद पडलेलं सिम जोडलेलं असेल तर अडचण ब्राउझर बदलण्याच्या दिवशी कळते.

मग फायरफॉक्स उघडा, क्रोम पूर्ण बंद करा, आणि सेटिंग्जच्या ‘जनरल’मधून ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ चालवा. बुकमार्क आणि हिस्टरी बहुधा बिनबोभाट येते. बुकमार्क आले नाहीत तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, तीन टिंबांतून ‘एक्सपोर्ट बुकमार्क्स’ करा, एचटीएमएल फाइल मिळेल. फायरफॉक्समध्येही कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मधून ती फाइल आत घ्या.

पासवर्ड थेट येतीलच असं नाही. न आल्यास क्रोममध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सपोर्ट पासवर्ड्स’ आहे. विंडोजचा पिन विचारला जाईल आणि एक सीएसव्ही फाइल उतरेल. फायरफॉक्सच्या मेनूत ‘पासवर्ड्स’ उघडून तिथल्या तीन टिंबांतून ‘इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल’ करा.

या सगळ्यात जोखमीची गोष्ट ही सीएसव्ही फाइलच. तिच्यात सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, एक्सेलमध्ये कुणीही वाचू शकतो. ती मेलवर, व्हॉट्सॲपवर, दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाठवू नका. काम झालं की शिफ्ट-डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्ये राहत नाही. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेले असतात. तिथे ठेवलीत तर एक प्रत वर ढगात गेलेली असते आणि ती वनड्राइव्हच्या कचरापेटीतून वेगळी काढावी लागते. म्हणून ती सी ड्राइव्हवर एखादं साधं फोल्डर करून तिथे ठेवा.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा. तो नसेल आणि विंडोजलाही पासवर्ड नसेल, तर तुमच्या खुर्चीत बसलेला कुणीही साठवलेले पासवर्ड पाहू शकतो. फोन आणि कॉम्प्युटर जुळवायचे असतील तर मोझिला अकाउंट काढा आणि लगेच ‘रिकव्हरी की’ तयार करून कागदावर लिहून ठेवा. सिंकची माहिती तुमच्या पासवर्डनेच कुलूपबंद असते, मोझिलालाही वाचता येत नाही. पासवर्ड विसरून रिसेट केलात आणि ही की नसेल, तर सर्व्हरवरची साठवण गेली. ती फक्त ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथेच उरते.

पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने होणारं लॉगिन), लॉगिन केलेली सत्रं आणि संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्या हलत नाहीत. पासकी नव्याने तयार करा.

महिनाभर दोन्ही ब्राउझर ठेवा. कशाचीच उणीव भासली नाही की मग गूगल अकाउंटमधले पासवर्ड पुसा. क्रोम काढून टाकल्याने ते पुसले जात नाहीत, गूगलच्या सर्व्हरवर तसेच राहतात. ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ही तिथेच जाऊन बंद करावी लागते.

आमच्या टॅक्सच्या ऑफिसात ब्रेव्ह घातल्यापासून जीएसटीवर डिजिटल सही होत नाही. सहीचं यूएसबी टोकन लावलेलं आहे, ड्रायव्हर आहे, तरी ‘एमसायनर रीस्टार्ट करा’ असं येतं. टोकन बिघडलं का? (संकेश्वर)

टोकन बिघडलेलं नाही. एमसायनर हा तुमच्या कॉम्प्युटरवरच चालणारा छोटा प्रोग्रॅम आहे. जीएसटीचं पान ब्राउझरमार्फत त्याच कॉम्प्युटरवर, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर, त्याच्याशी बोलतं. ब्रेव्ह २०२३ पासून संकेतस्थळांना असं आतल्या पत्त्यावर जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे; काही संकेतस्थळं याच वाटेने तुमच्या कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते चाचपत असत. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून ‘साइट सेटिंग्ज’ उघडा, जीएसटीच्या संकेतस्थळापुरती ‘लोकलहोस्ट ॲक्सेस’ची परवानगी द्या आणि सिंहाच्या चिन्हातून तिथली ‘शील्ड्स’ बंद करा.

फायरफॉक्समध्ये अडचण वेगळी येते. एमसायनरचं प्रमाणपत्र त्याला ओळखीचं नसतं आणि तो आतल्या आत नकार देतो. एमसायनर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालू करा, नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१ आणि त्यापुढे विसर्ग-चिन्हासारखा कोलन देऊन १५८५ हा पोर्ट टाइप करा. इशारा येईल, ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जा. मग जीएसटीच्या पानावर येऊन सही करा. हा इशारा ओलांडणं फक्त या आतल्या पत्त्यापुरतं ठीक. बाहेरच्या संकेतस्थळावर असा इशारा आला तर पुढे जायचं नाही.

क्रोमवर परत गेलात म्हणून सुटका नाही. १४२ व्या आवृत्तीपासून क्रोमही ‘लोकल नेटवर्क’साठी परवानगी विचारतो. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं तर असाच एरर येऊ शकतो आणि लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ऑफिसासाठी आमचं मत असं: सहीच्या कामांना एज किंवा क्रोम वेगळा राखून ठेवा, त्यात दुसरं काहीही उघडू नका, मेलसुद्धा नाही. बाकी सगळं फायरफॉक्समध्ये. शेवटच्या तारखेला ब्राउझरशी भांडत बसण्यापेक्षा हे बरं.

थोडी जमीन चिकोडी तालुक्यात आणि थोडी कागल तालुक्यात. भूमी या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या पोर्टलवरचा उतारा कन्नडमध्ये असतो, क्रोममध्ये उजवं बटण दाबून मराठी करून वाचतो. नव्या ब्राउझरमध्ये ते होईल का? (चिकोडी)

क्रोम भाषांतर करतो तेव्हा पानावरचा मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जातो. उताऱ्यावर तुमचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, बोजा असतो. फायरफॉक्सचं अंगचं भाषांतर वेगळ्या रीतीने चालतं: भाषेची फाइल एकदा उतरते आणि पुढे काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. पण ते इंग्रजीच्या मार्गाने जातं, म्हणजे कन्नडचं आधी इंग्रजी आणि इंग्रजीचं तुमच्या भाषेत. त्यामुळे महसुली शब्द हमखास बिघडतात. सेटिंग्जमधल्या भाषांतराच्या यादीत तुम्हाला हव्या त्या दोन्ही भाषा आहेत का ते आधी पाहा. नसतील तर ‘टीडब्ल्यूपी’ या नावाने ओळखलं जाणारं ‘ट्रान्सलेट वेब पेजेस’ एक्स्टेन्शन आहे. तेही मजकूर बाहेरच्याच सर्व्हरवर पाठवतं, तेव्हा नुसती सूचना-माहिती वाचायला वापरा, बँकेच्या पानावर नको.

दुसरी खोच फॉन्टची. कर्नाटक सरकारच्या जुन्या पीडीएफ पुष्कळदा नुडी फॉन्टमध्ये असतात. ते युनिकोड नसल्याने कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा गचका निघतो. तिथे कुठलाच ब्राउझर भाषांतर करू शकणार नाही, दोष नव्या ब्राउझरला देऊ नका. आपल्याकडच्या श्री-लिपीत केलेल्या जुन्या पीडीएफचीही तीच गत.

कागलकडच्या सातबाऱ्याला भाषेची अडचण नाही. महाभूलेखवर नुसता पाहायला मिळतो, आणि सहीचा हवा असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सातबारा. पैसे भरताना पॉप-अप अडवला गेला तर पत्त्याच्या पट्टीत सूचना दिसते, तिथून त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्या. पान अडकलं तर डावीकडच्या ढालीच्या चिन्हावरून त्या संकेतस्थळासाठी संरक्षण बंद करून पुन्हा उघडा. एकच पथ्य: पैसे खात्यातून गेले आणि पान पांढरं पडलं, तर दुसऱ्यांदा भरू नका. आधी पोर्टलवर व्यवहाराची स्थिती पाहा, हेच खजाने-२ या कर्नाटकच्या सरकारी भरणा पोर्टलच्या चलनालाही लागू. फॉर्म भरायला बसण्याआधी दोन्ही परवानग्या देऊन ठेवल्यात तर ही वेळच येत नाही.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर फोटो चढवला की फोटोऐवजी रंगीबेरंगी रेघा दिसतात. फाइल ठीक आहे, मोबाइलवर दिसते. लिब्रवुल्फ वापरतो. (खानापूर)

हे लिब्रवुल्फमुळेच. अनेक पोर्टल फोटो लहान करण्यासाठी ब्राउझरमधला ‘कॅनव्हास’ वापरतात. त्याच कॅनव्हासवर काहीतरी रेखाटून तुमचा कॉम्प्युटर ओळखण्याची युक्ती जाहिरातवाले करतात, कारण प्रत्येक यंत्र तेच चित्र किंचित वेगळं रंगवतं. लिब्रवुल्फमध्ये याविरुद्धचं संरक्षण आधीच चालू असतं: संकेतस्थळाने कॅनव्हास वाचायला घेतला की त्याला खरं चित्र न देता कचरा दिला जातो. तो कचरा म्हणजे तुमच्या रेघा.

फोटो निवडताना पत्त्याच्या पट्टीत डावीकडे चित्राच्या चौकटीसारखं चिन्ह उमटतं. त्यावर दाबून परवानगी द्या, पान पुन्हा उघडा, फोटो पुन्हा चढवा. सादर करण्याआधी ‘प्रिव्ह्यू’ पाहाच. रेघांचा फोटो तसाच स्वीकारणारी पोर्टलं आहेत आणि अर्ज नंतर नाकारला जातो.

याच संरक्षणामुळे घड्याळही बदलतं. संकेतस्थळाला तुमची वेळ ग्रिनिचची सांगितली जाते, साडेपाच तास मागची. पहाटे साडेपाचच्या आत फॉर्म भरलात तर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. शिवाय लिब्रवुल्फ बंद केला की कुकीज पुसतो, म्हणून दर वेळी नवा ओटीपी. एवढं सगळं कळून वापरत असाल तर उत्तम ब्राउझर. नाहीतर अर्ज भरण्याच्या दिवसांत साधा फायरफॉक्स उघडा.

इनकॉग्निटो विंडो पुरेशी नाही का? (टिळकवाडी, बेळगाव)

नाही. ती घरातल्या माणसांपासून हिस्टरी लपवते, एवढंच. संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता दिसतो, इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते दिसतं. इनकॉग्निटोत असतानाही गूगल माहिती घेत होतं यावरून अमेरिकेत २०२० मध्ये खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने तसा साठा नष्ट करण्याचं मान्य केलं. ब्राउझर बदलल्यानेही इंटरनेट देणाऱ्यापासून लपता येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ ही संकेतस्थळाचा पत्ता विचारणं कुलूपबंद करणारी सोय चालू केल्यास त्याला मिळणारी माहिती कमी होते, नाहीशी होत नाही. ती ‘मॅक्स’वर ठेवू नका, हॉटेल किंवा कॉलेजच्या वायफायचं लॉगिन पान त्यामुळे उघडत नाही.

फोनवर फायरफॉक्स घेतला तरी व्हॉट्सॲपच्या लिंक क्रोममध्येच उघडतात. आणि वर सतत ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ असे मेसेज येतात. (अथणी)

फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ‘डिफॉल्ट ॲप्स’, मग ‘ब्राउझर ॲप’. तिथे फायरफॉक्स निवडला की व्हॉट्सॲपच्या लिंक तिकडे जातील. इन्स्टाग्राम आणि फेसबुक स्वतःच्या पोटातलाच ब्राउझर वापरतात. तिथे पान उघडल्यावर तीन टिंबांतून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ करावं लागतं. क्रोम अँड्रॉइडवरून काढता येत नाही, ‘डिसेबल’ करता येतो.

व्हायरसचे मेसेज व्हायरसमुळे येत नाहीत. कधीतरी एखाद्या पानावर ‘अलाउ’ दाबलं गेलं, ती त्या संकेतस्थळाची नोटिफिकेशन आहेत. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि परवानगी दिलेली अनोळखी नावं काढा. मेसेजवर दाबून ‘क्लीनर’ ॲप घेऊ नका. नव्या ब्राउझरमध्ये ही परवानगी विचारणंच बंद करून ठेवा.

माझं झेरॉक्स-ऑनलाइन सेंटर आहे. गिऱ्हाइकांचे आधार, आरटीसी (कर्नाटकचा जमिनीचा उतारा), मार्कलिस्ट रोज येतात. कुठला ब्राउझर सुरक्षित? (हुक्केरी)

तुमच्या दुकानात ब्राउझरपेक्षा ‘डाउनलोड्स’ फोल्डर महत्त्वाचं. खासगी विंडो बंद केली की कुकीज जातात, पण उतरवलेली फाइल तिथेच राहते. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असतो, म्हणजे ज्याला नाव माहीत त्याला तो जवळपास माहीतच. दर गिऱ्हाइकामागे फाइल शिफ्ट-डिलीट करा, व्हॉट्सॲप वेबवर आलेलीही. मुखवटा लावलेलं (मास्क्ड, काही आकडे झाकलेलं) आधार चालत असेल तिथे तेच काढून द्या.

फायरफॉक्समध्ये पासवर्ड साठवण्याचा प्रश्न विचारणं बंद करा आणि ‘फायरफॉक्स बंद केल्यावर कुकीज पुसा’ ही खूण लावा. दोन गिऱ्हाइकांच्या मधे ब्राउझर खरोखर बंद करा, नुसता खाली करू नका. सेवा सिंधू या कर्नाटकच्या सरकारी सेवांच्या पोर्टलवर एकाचं लॉगिन उघडं असताना दुसऱ्याचा अर्ज त्याच्या नावावर जातो तो इथेच.

विंडोज ७ चा जुना संगणक आहे, ४ जीबी रॅम. त्यावर कुठला ब्राउझर चालेल? (कागवाड)

क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ ची. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती). दुसरी त्यातल्या त्यात बरी, पण खाली विंडोजच उघडी पडलेली असल्याने बँकेचं काम त्यावर करू नका. विंडोज १० चंही मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. फाइली पेनड्राइव्हवर काढून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती टाका. त्यात फायरफॉक्स आलेला असतो आणि ४ जीबीत पाच-सहा टॅब चालतात. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली तर फरक लगेच दिसेल. प्रिंटर मात्र आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून तपासा. काही जुने प्रिंटर त्यावर चालत नाहीत.